जॅक्सनव्हिल, १ डिसेंबर १९६३ : वेंडेल स्कॉटच्या दोन जास्तीच्या फेऱ्या

१ डिसेंबर १९६३ रोजी, रविवारी, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहराजवळच्या 'स्पीडवे पार्क' या मातीच्या ट्रॅकवर नॅसकार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या संस्थेच्या ग्रँड नॅशनल मालिकेतली एक शर्यत झाली. अर्ध्या मैलाचा लंबगोल ट्रॅक, २०० फेऱ्या, एकूण १०० मैल. शर्यत संपली तेव्हा बक बेकरला विजेता जाहीर करण्यात आलं. बेकर विजेत्याच्या सन्मानासाठी राखलेल्या जागी गेला, ट्रॉफी घेतली, रिवाजाप्रमाणे सौंदर्यवतीने त्याचं अभिनंदन केलं. काही तासांनी, स्टँड रिकामे झाल्यावर, अधिकाऱ्यांनी फेऱ्यांची कार्डं पुन्हा तपासली आणि निकाल फिरवला. शर्यत वेंडेल स्कॉटने जिंकली होती, आणि बेकरपेक्षा पूर्ण दोन फेऱ्या पुढे राहून जिंकली होती. पहिल्या बक्षिसाचे १,००० डॉलर त्याला मिळाले. ट्रॉफी मिळाली नाही.

स्कॉट कृष्णवर्णीय होता. अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या या सर्वोच्च मालिकेत त्याआधी एकही कृष्णवर्णीय चालक जिंकला नव्हता, आणि त्याच्यानंतर दुसरा जिंकायला २०२१ साल उजाडलं. इतिहास सांगताना सहसा एवढ्यावर थांबतात. या लेखात ती एक संध्याकाळ सविस्तर पाहायची आहे: नेमकं काय चुकलं, ते कसं चुकू शकतं, चूक सुधारली म्हणजे काय केलं आणि काय केलं नाही, आणि त्याची किंमत स्कॉटने पुढची दहा वर्षं कशी मोजली.

माणूस

वेंडेल ऑलिव्हर स्कॉटचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजी व्हर्जिनियातल्या डॅनव्हिल गावी झाला. कापडगिरण्या आणि तंबाखूवर जगणारं हे गाव. अमेरिकी यादवी युद्धाच्या अखेरीस, एप्रिल १८६५ मध्ये, रिचमंड पडल्यावर दक्षिणेच्या बंडखोर सरकारने शेवटचे काही दिवस राजधानी इथेच हलवली होती, आणि त्या गोष्टीचा अभिमान गावात पिढ्यानपिढ्या टिकला. वेंडेलचे वडील श्रीमंत गोऱ्या कुटुंबांकडे गाडी चालवण्याचं आणि ती दुरुस्त करण्याचं काम करायचे. इंजिनाची विद्या मुलाने त्यांच्याकडूनच उचलली. गिरणीत किंवा तंबाखूच्या कारखान्यात मुकादमाच्या हाताखाली जन्म काढायचा नाही, हे त्याने लहानपणीच ठरवलं होतं. पुढच्या आयुष्यातले त्याचे बरेच निर्णय, चुकीचे वाटणारे धरून, या एका हट्टातून आलेले दिसतात.

टॅक्सी चालवली, १९४३ मध्ये मेरी कोल्सशी लग्न केलं, महायुद्धात युरोपात जाऊन लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या. त्या वेळचं अमेरिकी लष्करही वर्णावरून विभागलेलं होतं. परत आल्यावर डॅनव्हिलमध्ये गॅरेज काढलं. गॅरेजवर घर भागेना, म्हणून रात्री हातभट्टीची दारू पोचवायला लागला. हा धंदा दक्षिणेत तेव्हा फार पसरलेला होता आणि स्टॉक कार शर्यतींचे सुरुवातीचे कितीतरी नामवंत चालक त्यातूनच आले. बाहेरून साधी दिसणारी गाडी, आत वाढवलेलं इंजिन, अंधारे वळणाचे रस्ते आणि मागे पोलीस. पोलिसांना स्कॉट एकदाच सापडला, १९४९ मध्ये, आणि देखरेखीखाली सुटला.

शर्यतीत तो आला तोही पोलिसांच्या शिफारशीने. १९५२ मध्ये डॅनव्हिलच्या जत्रेच्या मैदानावर शर्यती भरवणाऱ्यांचे प्रेक्षक घटत होते. गर्दी खेचायला एखादा कृष्णवर्णीय चालक उतरवावा, असं त्यांच्या डोक्यात आलं. गावातला सर्वांत तेज कृष्णवर्णीय चालक कोण, असं त्यांनी पोलिसांना विचारलं, आणि ज्याच्या मागे धावून दमले होते त्याचंच नाव पोलिसांनी सांगितलं. २३ मे १९५२ रोजी स्कॉट पहिली शर्यत धावला. प्रेक्षकांतून हुर्यो झाली, गाडी मध्येच बंद पडली. पण याच कामासाठी आपला जन्म आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं असं तो नंतर सांगत असे.

डॅनव्हिलची ती शर्यत नॅसकारची नव्हती, एका छोट्या प्रादेशिक संघटनेची होती. नॅसकारच्या दारात त्याला पहिल्यांदा नकारच मिळाला. नॉर्थ कॅरोलायनात गाडी ओढत नेली, तर कृष्णवर्णीयांना परवानगी नाही असं सांगून त्याला परत पाठवलं. गाडी हवी तर एखाद्या गोऱ्या मुलाला चालवू दे, असंही सुचवण्यात आलं. शेवटी रिचमंडमधल्या एका स्थानिक अधिकाऱ्याने त्याला परवाना दिला आणि तो नॅसकारचा सदस्य झाला. पुढे एकदा आयोजकांनी सगळ्या गोऱ्या चालकांना पेट्रोलचे पैसे दिले आणि स्कॉटला वगळलं, तेव्हा तो थेट नॅसकारचे संस्थापक बिल फ्रान्स यांना जाऊन भेटला. फ्रान्स यांनी त्याच्या हातावर पैसे ठेवले आणि यापुढे तुला सदस्य म्हणूनच वागवलं जाईल असा शब्द दिला. हा शब्द लक्षात ठेवायला हवा. जॅक्सनव्हिलला त्याचीच परीक्षा होती.

१९५९ मध्ये स्कॉटने रिचमंडच्या साउथसाइड स्पीडवेचं आणि व्हर्जिनिया राज्याचं, अशी स्पोर्ट्समन या खालच्या वर्गातली दोन अजिंक्यपदं मिळवली. मार्च १९६१ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तो ग्रँड नॅशनलमध्ये उतरला.

गाडी आणि हिशेब

'स्टॉक कार' म्हणजे दुकानात मिळणाऱ्या मॉडेलवरून बनवलेली शर्यतीची गाडी. कागदावर हा सर्वसामान्यांचा खेळ वाटतो, पण १९६० च्या सुमारास वरच्या पायरीवर तो कारखान्यांचा खेळ झाला होता. फोर्ड, क्रायसलर यांचे मोजके संघ असत. नवी इंजिनं, नवे टायर, अभियंते आधी त्यांच्याकडे जात. बाकीचे आपापल्या खिशातून धावत. जनरल मोटर्सने तर जानेवारी १९६३ मध्ये शर्यतींमधून अधिकृतपणे अंग काढून घेतलं, त्यामुळे शेव्हरोले चालवणाऱ्याच्या पाठीशी कंपनी उभी राहण्याची शक्यताच संपली.

जॅक्सनव्हिलला स्कॉट जी चालवत होता ती १९६२ ची शेव्हरोले होती, क्रमांक ३४, आणि ती त्याने नेड जॅरेटकडून विकत घेतली होती. जॅरेट १९६१ चा मालिका-विजेता, गोरा, आणि स्कॉटला माणूस म्हणून वागवणाऱ्यांपैकी एक. गाडी जुनी होती, पण चांगली होती. स्कॉटच्या हातात त्याआधी आलेल्या गाड्यांपेक्षा नक्कीच चांगली.

त्याचा संघ म्हणजे त्याचं घर. सात मुलं. मोठे मुलगे पान्हे घेऊन पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाडी-दुरुस्तीच्या जागेत. मेरी जेवण बांधून द्यायची, कारण वाटेतल्या बहुतेक उपाहारगृहांत त्यांना पानावर बसता येत नसे आणि हॉटेलांत खोली मिळत नसे. झोप गाडीतच. टायर बहुतेकदा इतरांनी वापरून टाकलेले. वेळ पडली तर शर्यत चालू असताना स्कॉट स्वतः गाडीतून उतरून चाक बदलण्याला हात लावायचा आणि पुन्हा स्टिअरिंगवर बसायचा. इंजिन त्यानेच बांधलेलं असल्यामुळे त्याला आणखी एक हिशेब कायम डोक्यात ठेवावा लागे: आज ते फुटलं, तर पुढच्या आठवड्याला गाडी नाही. त्यामुळे गाडी टिकवून पहिल्या दहांत यायचं, बक्षिसाची रक्कम घ्यायची आणि पुढच्या गावी निघायचं, अशी त्याची शर्यत असे. त्याच्या कारकिर्दीचे आकडे हेच सांगतात: ग्रँड नॅशनलमध्ये ४९५ शर्यती, त्यांतल्या १४७ वेळा पहिल्या दहांत, २० वेळा पहिल्या पाचांत, आणि विजय एक. त्या १४७ कडे मी फार आदराने पाहतो. जुनी गाडी, झिजलेले टायर आणि घरचीच माणसं घेऊन कारखान्यांच्या संघांमध्ये इतक्यांदा पहिल्या दहांत येणं, हे चालक आणि मेकॅनिक या दोन्ही अंगांनी मोठं काम आहे.

१९६३

ते वर्ष काय होतं, हे समजल्याशिवाय त्या संध्याकाळची भीती समजत नाही. १० जून १९६३ रोजी स्कॉटच्या स्वतःच्या गावात, डॅनव्हिलमध्ये, नागरी हक्कांसाठी जमलेल्या निदर्शकांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे सोडले आणि लाठ्या चालवल्या. गावाच्या स्मरणात तो दिवस 'रक्ताळलेला सोमवार' म्हणून राहिला. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला मोठा मोर्चा झाला. २२ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली. जॅक्सनव्हिलची शर्यत त्यानंतर नऊ दिवसांनी होती. खुद्द जॅक्सनव्हिलमध्ये ऑगस्ट १९६० मध्ये, उपाहारगृहाच्या काउंटरवर बसण्याचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांना गोऱ्या जमावाने कुऱ्हाडीच्या दांड्यांनी बडवलं होतं. सार्वजनिक जागांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा नागरी हक्क कायदा व्हायला अजून सात महिने होते. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्री-पुरुषांमधला विवाह फ्लोरिडात आणि स्कॉटच्या व्हर्जिनियातही गुन्हा होता, आणि तो १९६७ पर्यंत गुन्हाच राहिला.

आणि नॅसकारचा रिवाज असा की विजेत्याच्या जागी ट्रॉफी आणि पुष्पहार घेऊन एक गोरी सौंदर्यवती उभी असे, आणि ती विजेत्याच्या गालाचं चुंबन घेई.

शर्यत

सर्वांत वेगवान गाडी रिचर्ड पेटीची होती. पेटी तेव्हा सव्वीस वर्षांचा. डिसेंबर १९६३ ची ही शर्यत नॅसकारच्या हिशेबात १९६४ च्या हंगामातली धरली जाते. त्याच हंगामात पेटीने पुढे मालिकेतली सर्वांत मानाची डेटोना ५०० शर्यत आणि मालिकेचं अजिंक्यपद दोन्ही जिंकलं. पण जॅक्सनव्हिलला त्याची गाडी दुखणाईत झाली. अर्ध्या मैलाच्या मातीवर शंभर मैल धावताना पृष्ठभाग फाटत जातो, खड्डे पडतात, आणि गाडीचे सांधे निखळायला लागतात. अशा ट्रॅकवर गाडी जपून हाकणारा चालक पुढे येतो. स्कॉट आयुष्यभर गाडी जपूनच चालवत आला होता.

२५ फेऱ्या उरलेल्या असताना त्याने पेटीला मागे टाकलं. आता तो सर्वांत पुढे होता.

त्याच्या हिशेबाने २०० वी फेरी पूर्ण झाली तेव्हा शर्यत संपल्याचा चौकड्यांचा झेंडा खाली आला नाही. म्हणून तो थांबला नाही. आणखी एक फेरी, मग आणखी एक. झेंडा पडला तो बेकरसाठी, बेकरच्या २०० फेऱ्या भरल्यावर. तोवर स्कॉटच्या २०२ झाल्या होत्या.

बेकरबद्दल एवढं सांगायला हवं की तो कुणी उचलून आणलेला विजेता नव्हता. १९५६ आणि १९५७ चं अजिंक्यपद त्याच्या नावावर होतं, आणि याच हंगामात पुढे त्याने डार्लिंग्टनची सदर्न ५०० जिंकली. त्याला विजेता म्हणून पुकारलं, तो गेला. या प्रकरणात मुख्य प्रश्न त्याचा नाही.

स्कॉटने तिथल्या तिथे हरकत नोंदवली.

फेऱ्या मोजायच्या कशा

आज गाडीला लावलेलं यंत्र रेषा ओलांडताच संगणकात नोंद करतं. तेव्हा माणसं मोजत. प्रत्येक गाडीसाठी एक मोजणारा बसे, बहुतेकदा चालकाच्या घरातलं किंवा संघातलंच माणूस. समोर मोठं घड्याळ. आपली गाडी रेषेवरून गेली की घड्याळातली वेळ कार्डावर लिहायची. मुख्य मोजणीदाराकडे या सगळ्या कार्डांवरून क्रम लागत असे. व्यवस्था आपल्याकडच्या मतमोजणीसारखी: टेबलागणिक प्रतिनिधी, कागदावर खुणा, आणि वाद झाला तर फेरमोजणी.

या पद्धतीत चुका होत, आणि नेहमी होत. फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिल्या डेटोना ५०० ला जॉनी बोचँपला विजेता ठरवलं गेलं. लोकांकडून छायाचित्रं आणि बातमीपटाची फिल्म मागवून तपासल्यावर तीन दिवसांनी निकाल फिरला आणि विजय ली पेटीला मिळाला. त्याच वर्षी अटलांटाच्या लेकवुड ट्रॅकवर तरुण रिचर्ड पेटीला आपला पहिला विजय मिळालाय असं वाटलं, तर दुसऱ्या क्रमांकावरच्या चालकाने हरकत घेतली, फेरतपासणी झाली आणि विजय त्या चालकाकडे गेला. तो चालक म्हणजे रिचर्डचे वडील, तेच ली पेटी. म्हणजे हरकत घेणं, कार्डं उलगडणं, निकाल बदलणं हे या खेळात रूढ होतं. जॅक्सनव्हिलची चूक ही निव्वळ मोजणीची चूक होती असं म्हणणाऱ्यांचा आधार हाच, आणि तो पोकळ नाही.

पण या स्पष्टीकरणापाशी मला थांबता येत नाही, आणि त्याची कारणं ट्रॅकवरच सापडतात. डेटोनाला तीन गाड्या शेजारीशेजारी रेषेवर आल्या होत्या, डोळ्याला फरक कळणं अवघड होतं. जॅक्सनव्हिलला फरक दोन फेऱ्यांचा होता. त्या वेगाने अर्ध्या मैलाची एक फेरी म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटाचं काम; म्हणजे आघाडीची गाडी अंतर पूर्ण करूनही जवळजवळ मिनिटभर धावत राहिली आणि झेंडा हाती असलेल्याला ते दिसलं नाही. धुळीत एखादी फेरी कार्डावरून निसटते, हे मान्य. पण २५ फेऱ्या आधीच पेटी मागे पडला होता आणि त्याला मागे टाकणारी गाडी कुठली, हे तिथल्या कुणालाही कळण्यासारखं होतं. स्कॉटचं स्वतःचं म्हणणं ठाम होतं, आणि ते त्याने कधी बदललं नाही: तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं की मी जिंकलो, पण मी त्या सौंदर्यवतीशेजारी उभा राहून ट्रॉफी घेतोय हे त्यांना लोकांना दाखवायचं नव्हतं.

अधिकाऱ्यांच्या मनात काय होतं याचा कागद नाही. म्हणून मी हेतूवरून निवाडा करत नाही. चूक उघड झाल्यानंतर काय केलं गेलं, त्यावरून करतो, कारण तिथे धूळ नव्हती, घाई नव्हती, घड्याळ नव्हतं.

चुकीनंतर

डेटोनाच्या वेळी ली पेटीलाही त्या दिवशी विजेत्याच्या जागी उभं राहता आलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. पण ते तीन दिवस देशभरच्या वृत्तपत्रांत गाजले. निकाल फिरला तो सगळ्यांच्या देखत फिरला, आणि पहिल्या डेटोना ५०० चा विजेता म्हणून पेटीचं नाव लोकांच्या तोंडी बसलं. चूक झाली आणि तिची दुरुस्ती चुकीइतक्याच मोठ्या आवाजात झाली.

स्कॉटच्या बाबतीत चूक लाउडस्पीकरवरून झाली आणि दुरुस्ती बंद खोलीत. प्रेक्षक बेकर जिंकला हे पाहून घरी गेले. स्कॉटला त्याचे पैसे मिळाले, नॅसकारच्या वहीत विजय त्याच्या नावावर लागला. त्यानंतर सुमारे महिनाभराने जॉर्जियातल्या सवानाच्या शर्यतीच्या वेळी त्याच्या हातात लाकडाची एक स्वस्तातली ट्रॉफी ठेवण्यात आली. खरी ट्रॉफी त्याला कधीच मिळाली नाही.

बिल फ्रान्स यांचा शब्द इथे कसोटीला लागला, आणि माझ्या मते तो अर्धाच पाळला गेला. स्कॉटला धावू दिलं, पैसे दिले, नोंद केली: नियमांत बसणारं सगळं केलं. सदस्य म्हणून त्याचा जो उघड मान होता, तो मात्र दिला नाही. काही लोक म्हणतात की त्या वातावरणात, त्या जमावापुढे स्कॉटला उभं केलं असतं तर त्याच्याच जिवाला धोका होता. मिसिसिपीत १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला एका गोऱ्या स्त्रीशी आगाऊपणा केल्याच्या आरोपावरून मारून टाकलं होतं. तेव्हा ही भीती कल्पनेतली नव्हती. पण तिचं ओझं कुणी उचलायचं, हा प्रश्न उरतोच. आयोजकांना सौंदर्यवतीला बाजूला ठेवता आलं असतं. चुंबन रद्द करता आलं असतं, पोलीस उभे करता आले असते. त्यांनी विजेता बाजूला ठेवला. आणि समजा त्या संध्याकाळपुरता धोका खराच होता. पुढच्या शर्यतीत, दुसऱ्या गावी, पिटमध्ये सगळ्या चालकांसमोर घोषणा करायला कुणाची हरकत होती?

छायाचित्राची किंमत

हे प्रकरण मानापमानाचं म्हणून सांगितलं जातं, पण त्यात रोकड हिशेबही आहे, आणि तो स्कॉटसाठी जास्त महत्त्वाचा होता.

शर्यतीतला विजय फक्त बक्षिसाच्या रकमेने मोजला जात नाही. विजेत्याच्या जागी काढलेलं छायाचित्र दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात येतं, टायर आणि स्पार्क प्लगच्या कंपन्या ते जाहिरातीत वापरतात, चालक तेच घेऊन प्रायोजकाकडे जातो. त्यातून पुढच्या वर्षीचं इंजिन येतं. चांगल्या इंजिनातून विजय, विजयातून छायाचित्र. या चक्रात शिरायचं दार एकच आणि ते त्या संध्याकाळी स्कॉटसमोर उघडलं होतं. बेचाळीस वर्षांच्या, कंपनीचा आधार नसलेल्या चालकाने जुन्या शेव्हरोलेतून पेटीला आणि बेकरला मागे टाकलं, अशी बातमी कुठल्याही गोऱ्या चालकाच्या बाबतीत त्याचं आयुष्य बदलायला पुरेशी ठरली असती. स्कॉटकडे दाखवायला छायाचित्रच नव्हतं.

तरी तो पुढे गेला. १९६४ च्या हंगामात गुणतक्त्यात बारावा, १९६५ मध्ये अकरावा, १९६६ मध्ये सहावा. १९६९ पर्यंत सलग पहिल्या दहांत. प्रायोजक नसताना देशातल्या सर्वांत मोठ्या मालिकेत सहावा! या आकड्यासमोर मला पुन्हा पुन्हा थांबावंसं वाटतं. एवढ्या गुणांवर दुसऱ्या कुणाला कारखान्याने बोलावून गाडी दिली असती. स्कॉटला बोलावणं आलं नाही.

शेवटी चांगल्या गाडीसाठी त्याने स्वतःच कर्ज काढलं आणि एक मर्क्युरी उभी केली. मे १९७३ मध्ये टॅलाडेगाला ६० गाड्यांच्या शर्यतीत सुरुवातीच्याच फेऱ्यांत वीसेक गाड्यांचा ढीग झाला, त्यात ती चक्काचूर झाली. स्कॉटचं कटिहाड, पाय आणि बरगड्या मोडल्या. कर्ज तसंच राहिलं. त्याच वर्षी शरद ऋतूत शार्लटला तो आणखी एकदा धावला, उसन्या गाडीत, आणि बारावा आला. ती त्याची शेवटची ग्रँड नॅशनल शर्यत. मग डॅनव्हिलचं गॅरेज. २३ डिसेंबर १९९० रोजी, पाठीच्या कण्याच्या कर्करोगाने, तो गेला.

उशिराची ट्रॉफी

त्यानंतरचे मानसन्मान खूप आले. २०१० मध्ये जॅक्सनव्हिलच्या स्थानिक शर्यतप्रेमींनी कुटुंबाला त्या ट्रॉफीची प्रतिकृती दिली. २०१३ मध्ये व्हर्जिनियाने डॅनव्हिलमध्ये त्याच्या नावाचा ऐतिहासिक फलक लावला. २०१५ मध्ये नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. बबा वॉलेस या तरुण कृष्णवर्णीय चालकाने २०१४ मध्ये स्कॉटचा ३४ क्रमांक लावून मार्टिन्सव्हिलची ट्रक शर्यत जिंकली. ऑक्टोबर २०२१ मध्ये टॅलाडेगाला, जिथे स्कॉटची मर्क्युरी मोडली होती तिथेच, त्याच वॉलेसने मुख्य मालिकेतला दुसरा कृष्णवर्णीय विजय नोंदवला.

पण नॅसकारने स्वतः, स्वतःच्या व्यासपीठावर, जॅक्सनव्हिलची ट्रॉफी दिली ती २८ ऑगस्ट २०२१ रोजी, डेटोनाला, शर्यत सुरू होण्याआधी. स्कॉटचा मुलगा फ्रँक आणि घरची माणसं ती घ्यायला गेली. दुसऱ्या दिवशी स्कॉट शंभर वर्षांचा झाला असता. सत्तावन्न वर्षं त्याचं कुटुंब एवढंच मागत होतं: वहीतला विजय लोकांपुढे द्या.

तो समारंभ योग्य रीतीने झाला, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. ट्रॅकवर, हजारो लोकांसमोर, लाउडस्पीकरवरून नाव घेऊन. त्याला लागला तो काही मिनिटांचा वेळ, एक माईक, एक कोरलेली ट्रॉफी आणि संस्थेचा एक माणूस, जो सर्वांदेखत म्हणेल की ती शर्यत वेंडेल स्कॉटने जिंकली होती. हे सगळं साहित्य १९६३ च्या डिसेंबरात सवानाच्या ट्रॅकवरही होतं, आणि स्कॉट त्या दिवशी तिथे हजर होता.